मोटारीच्या विम्याचें नवीकरण : जुन्या गिऱ्हाइकानें भाव कां विचारावा ?

पेरणीपूर्वीं बियाणें घ्यावयाचें झाल्यास आपण तीन दुकानें हिंडतों. कांदा बाजारांत नेण्यापूर्वीं लासलगांव व पिंपळगांव येथील भाव विचारून घेतों. बैल घ्यावयाचा तर दांत पाहतों, चाल पाहतों, आणि मगच रुमालाखालीं हात घालतों. परंतु दारांत उभ्या असलेल्या मोटारीच्या विम्याची मुदत संपत आली म्हणजे हाच चोखंदळ शेतकरी, विमा-प्रतिनिधीचा निरोप येतांच, "गेल्या वर्षाप्रमाणेंच करून टाका" एवढें बोलून मोकळा होतो. पांच रुपयांच्या भाजीस घासाघीस करणारा मनुष्य दहा-पंधरा हजारांचा आंकडा न वाचतां भरतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हा दोष आम्ही दुसऱ्यास देत नाहीं. तो प्रथम आमच्याच पदरीं घेतों. आमच्या घरीं एक मोटार व एक जीप आहे. दोहोंचा विमा सात वर्षें एकाच कंपनीकडे, एकाच प्रतिनिधीमार्फत होत आला. प्रतिनिधि गांवचेच, वडिलांपासूनच्या ओळखीचे, लग्नकार्यास येणारे-जाणारे. त्यांनीं आंकडा सांगावा आणि आम्हीं तो भरावा, असा क्रम चालला होता. गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें कपाटांतील जुनीं विमापत्रें काढून तीं ओळीनें मांडलीं व विचारलें, "काका, गाडी दर वर्षीं जुनी होते, तिची किंमत उतरते, तुम्हीं नुकसानीची मागणी एकदाही केली नाहीं, मग पैसे वाढतात कसे?" ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तें शोधतांना जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

आंकड्याचे दोन भाग

मोटारीच्या विम्याचा हप्ता एकच दिसला तरी तो दोन निरनिराळ्या भागांचा बनलेला असतो. पहिला भाग त्रयस्थाच्या नुकसानीचा. लोक यास 'थर्ड पार्टी' म्हणतात. आपल्या गाडीनें दुसऱ्याचा जीव गेला, कोणास दुखापत झाली अगर कोणाच्या मालमत्तेची हानि झाली, तर त्याची भरपाई ह्या भागांतून होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमान्वयें हा विमा सक्तीचा आहे. याचे दर केंद्र सरकार विमा नियामक प्राधिकरणाच्या सल्ल्यानें ठरवितें. ते सर्व कंपन्यांस सारखेच लागू असतात. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले, त्यांत १००० सी.सी. पर्यंतच्या खासगी मोटारीस २,०९४ रुपये, १५०० सी.सी. पर्यंत ३,४१६ रुपये व त्यावरील मोटारीस ७,८९७ रुपये असा वार्षिक दर होता. ह्या भागांत घासाघिशीस जागा नाहीं.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. यास 'ओन डॅमेज' म्हणतात. अपघात, आग, चोरी, पूर इत्यादिकांपासून होणारें आपल्या गाडीचें नुकसान यांत येतें. ह्या भागाचा दर प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबानें ठरविते. एकाच गाडीस, एकाच दिवशीं, दोन कंपन्यांनीं सांगितलेल्या आंकड्यांत मोठें अंतर पडतें तें येथेंच. आणि जुन्या गिऱ्हाइकाचा खिसा हलका होतो तोही येथेंच.

जुनी संवय कोठून आली ?

आमच्या वडिलांच्या पिढीस भाव विचारण्याची संवय नव्हती, हा त्यांचा आळस नव्हे. सामान्य विम्याचा धंदा १९७३ च्या आरंभीं राष्ट्रीयीकरणानें सरकारी कंपन्यांकडे गेला. मोटार-विम्याचे दर त्या काळीं एका सल्लागार समितीनें बांधून दिलेले असत. कोणत्याही कंपनीकडे गेलें तरी भाव तोच. मग हिंडावें कशास? ओळखीचा प्रतिनिधि गांठावा, वेळेवर पैसे भरावे, हेंच त्या काळचें शहाणपण होतें. पुढें २००० सालानंतर खासगी कंपन्या आल्या, आणि १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजच्या भागावरील बांधील दर उठविण्यांत आले. भाव मोकळे झाले. संवय मात्र जुनीच राहिली. ज्या निष्ठेनें पूर्वीं कांहीं बिघडत नव्हतें, त्याच निष्ठेची आतां किंमत मोजावी लागते.

बोनसाच्या आड लपलेली वाढ

आतां पुतण्याच्या प्रश्नाकडे वळूं. ज्या वर्षीं आपण नुकसानीची मागणी करीत नाहीं, त्या वर्षाबद्दल पुढील हप्त्यांत 'नो क्लेम बोनस' नांवाची सूट मिळते. ती ओन डॅमेजच्या भागावरच असते. रूढ प्रमाण असें : पहिल्या निर्मळ वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पांच वर्षांनंतर ५० टक्के. ह्याशिवाय कंपनी आपल्या खुषीनें एक निराळी सूट देते. नवें गिऱ्हाईक आणावयाचें असतें तेव्हां ही सूट भरघोस असते. गिऱ्हाईक मुरलें म्हणजे ती हळूहळू आटूं लागते. बोनस चढत असतो आणि ही सूट उतरत असते, त्यामुळें एकूण आंकड्यांत फरक थोडा दिसतो व आपल्या लक्षांत कांहीं येत नाहीं.

हिशेब समजावा म्हणून एक कल्पित उदाहरण देतों. गेल्या वर्षीं ओन डॅमेजचा मूळ दर १२,००० रुपये होता, कंपनीची सूट ४० टक्के होती. राहिले ७,२००. त्यावर २५ टक्के बोनस वजा जातां ५,४०० झाले. यंदा गाडीची किंमत उतरल्यामुळें मूळ दर ११,००० वर आला, व बोनस ३५ टक्के झाला. म्हणजे हप्ता बराच उतरावयास हवा. परंतु कंपनीनें आपली सूट ४० वरून २० टक्क्यांवर आणली. राहिले ८,८००, त्यांतून ३५ टक्के वजा जातां ५,७२०. गाडी जुनी झाली, बोनस वाढला, आणि तरीही हप्ता ३२० रुपयांनीं चढला ! सूट गेल्या वर्षाइतकीच राहती तर हा आंकडा ४,२९० झाला असता. फरक १,४३० रुपयांचा. त्यावर १८ टक्के जी.एस.टी. धरल्यास सुमारें १,६८७ रुपयांचा. सोसणाऱ्यास मात्र वाटतें कीं, "महागाईच आहे, तीनशें रुपये वाढले तर काय झालें !"

म्हणून विमापत्राचा शेवटचा आंकडा पाहून भागत नाहीं. मूळ दर, कंपनीची सूट, बोनस, जादा कलमें व कर हीं पांच खातीं गेल्या वर्षाच्या कागदाशीं ताडून पाहावीं. आमच्या कपाटांतील सात कागदांत हीच गोष्ट लिहिलेली होती. आम्हीं ती वाचली नव्हती इतकेंच.

परदेशांतील अनुभव

हा प्रकार आपल्याकडेच आहे असें नव्हे. ब्रिटनमध्यें तेथील वित्त-नियामक संस्थेनें मोटार व घर यांच्या विम्याची चौकशी करून २०२० सालीं अहवाल प्रसिद्ध केला. २०१८ सालीं तेथील साठ लक्ष निष्ठावंत विमेदारांनीं आपल्या जोखमीच्या मानानें एकंदर सुमारें १२० कोटी पौंड जास्त भरले, असें तींत आढळून आलें. दर नवीकरणास थोडी थोडी वाढ करीत नेण्याच्या ह्या रीतीस तेथें 'प्राइस वॉकिंग' म्हणतात. त्यापूर्वींच, एप्रिल २०१७ पासून, नवीकरणाच्या पत्रांत गेल्या वर्षाचा हप्ता छापणें तेथें सक्तीचें करण्यांत आलें होतें, जेणेंकरून गिऱ्हाइकास वाढ डोळ्यांनीं दिसावी. पुढें १ जानेवारी २०२२ पासून, जुन्या गिऱ्हाइकास नव्यापेक्षां जास्त भाव सांगूं नये असा नियमच झाला. आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेनेंही त्याच वर्षीं जुलैपासून ह्या रीतीस बंदी केली.

परंतु तेथील नियमानेंही एकाच कंपनीच्या नव्या व जुन्या गिऱ्हाइकांतील भेद मिटतो. एका कंपनीच्या व दुसरीच्या भावांतील अंतर मिटत नाहीं. तेव्हां कायदा कितीही चांगला असला तरी भाव विचारण्याचें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें, हा धडा त्यांतून घ्यावयाचा.

स्वस्त दिसतें तें स्वस्तच असतें असें नाहीं

येथें वाचकांस एक इशारा देणें अवश्य आहे. आंकडा कमी करण्याचे दोन मार्ग असतात : एक खरा, व दुसरा गाडीची विमाकृत किंमत, म्हणजे 'आय.डी.व्ही.', खालीं ओढण्याचा. गाडी चोरीस गेली अगर पुरती निकामी झाली, तर कंपनी देते ती हीच किंमत. नव्या गाडीच्या किंमतींतून रूढ कोष्टकाप्रमाणें सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० व पांच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा वजा होतो. पांच वर्षांनंतर ही किंमत कंपनी व गाडीवाला यांनीं संमतीनें ठरवावयाची असते, आणि फसगत बहुधा येथेंच होते.

आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांनीं सात वर्षांच्या गाडीचा विमा कंपनी बदलून केला व सुमारें अकराशें रुपये वांचविले. बाजारांत ती गाडी तीन लाख चाळीस हजारांस सहज गेली असती. विमापत्रांत किंमत पडली होती दोन लाख साठ हजार. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी चढलें, आणि गाडी दोन दिवस पाण्याखालीं राहिली. दुरुस्तीचा खर्च विमाकृत किंमतीच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक निघाल्यानें गाडी पुरती निकामी धरली गेली. कंपनीनें ठरल्याप्रमाणें पैसे दिले. तिचा यांत दोष नव्हता. परंतु अकराशें रुपयांच्या बचतीपायीं जवळजवळ ऐंशीं हजारांस त्यांनीं मुकावें लागलें. पुरानें ऊंसही गेला होता. त्या वर्षीं तेवढ्या रकमेची त्यांस किती गरज होती हें सांगणे नलगे.

म्हणून दोन कंपन्यांचे भाव तोलतांना किंमत दोन्हींकडे सारखी धरावी. जादा कलमेंही सारखीं धरावीं. साध्या विम्यांत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची भरपाई निम्मीच मिळते. घसारा न कापतां भरपाई देणारें 'झीरो डेप' कलम एकाकडे असेल व दुसऱ्याकडे नसेल, तर ती तुलनाच नव्हे. नदीकांठच्या गांवांनीं इंजिनाच्या संरक्षणाचें कलम विशेष पाहावें; पाण्यांत बंद पडलेली गाडी पुन्हां चालूं करण्याच्या खटपटींत इंजिन गेलें, तर साधें विमापत्र तें नुकसान बहुधा भरून देत नाहीं. उलट, दहा वर्षांच्या गाडीवर नाना कलमें चढवून हप्ता फुगविण्यांतही अर्थ नाहीं. पेंड जनावराच्या कामाप्रमाणें घालावी, तसेंच हें आहे.

दुबार भरणा टाळावा

कांहीं पैसे भाव जास्त पडल्यामुळें नव्हे, तर एकच वस्तु दोनदां घेतल्यामुळें जातात. गाडीच्या मालकास पंधरा लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात-विमा आवश्यक असतो. परंतु तो मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. एकाच मालकाच्या दोन गाड्या असल्यास तो एकदांच पुरे होतो. तसा निराळा अपघात-विमा आधींच असेल, तर तें लिहून देऊन विमापत्रांतील हें कलम वगळतां येतें. आमच्याकडे मोटार व जीप ह्या दोहोंवर त्याचे पैसे कित्येक वर्षें भरले जात होते.

दुसरें असें कीं, १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा व नव्या दुचाकीस पांच वर्षांचा थर्ड पार्टी विमा आरंभींच घ्यावा लागूं लागला. अशा गाडीचा ओन डॅमेजचा भागच तेवढा मधल्या वर्षांत नवा करावयाचा असतो. त्या वर्षीं कोणी पूर्ण विम्याचा आंकडा सांगितल्यास जुना कागद काढून दाखवावा.

किरकोळ नुकसानीची मागणी करतांनाही हिशेब करावा. मागणी केली म्हणजे जमलेला बोनस बहुधा शून्यावर येतो. ज्याचा सुटीपूर्वींचा ओन डॅमेजचा आंकडा ९,००० आहे व बोनस ५० टक्के आहे, त्यानें दोन हजारांच्या ओरखड्यासाठीं मागणी केली, तर पुढल्याच वर्षीं ४,५०० रुपये जास्त मोजावे लागतील.

कंपनी बदलतां येते. मुदत चुकवितां येत नाहीं

कंपनी बदलल्यास बोनस बुडेल, ही भीति बहुतेकांस असते. ती निराधार आहे. बोनस गाडीच्या मालकानें कमावलेला असतो. तो नव्या कंपनीकडे जातो. गाडी विकून दुसरी घेतली तरीही तसें प्रमाणपत्र घेऊन तो टिकवितां येतो. मात्र बोनसाची खरी टक्केवारीच सांगावी. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते. मागणी केलेली असतां ती लपविली तर ऐन वेळीं भरपाई अडते.

बोनस बुडतो तो मुदत चुकविल्यानें. विमा संपल्यापासून ९० दिवसांच्या आंत नवा केला नाहीं तर सारा बोनस जातो. आणि एकच दिवस मध्यें मोकळा गेला तरी त्या दिवशींच्या अपघाताचें सर्व ओझें मालकावर पडतें. विना-विमा गाडी चालविण्याबद्दल पहिल्या वेळीं दोन हजार व पुन्हां घडल्यास चार हजार रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. पण खरें भय त्याचें नव्हे. कोणाचा जीव गेला व न्यायाधिकरणानें लाखों रुपयांची भरपाई ठरविली, तर मोटार वाहन कायद्याच्या १७४ व्या कलमाप्रमाणें ती रक्कम जमीन-महसुलाच्या थकबाकीसारखी कलेक्टरमार्फत वसूल होऊं शकते. याचा अर्थ सात-बारा असलेल्या मनुष्यास निराळा समजावून देण्याची जरूर नाहीं. म्हणून भाव विचारण्याच्या नादांत मुदत कधींही ओलांडूं नये. महिनाभर आधींच कामास लागावें.

त्याच कारणास्तव गाडीचा उपयोगही खरा लिहावा. खासगी मोटारीच्या विमापत्रांत भाड्यानें माणसें अगर माल नेणें वर्ज्य असतें. शेतीकामाचा म्हणून विमा उतरलेला ट्रॅक्टर दुसऱ्याची खडी वाहूं लागला, अगर त्याची ट्रॉली विमापत्रांत नोंदलेलीच नसली, तर वेळ आल्यावर वाद उभा राहतो. तेथें वांचविलेले पैसे हे वांचविलेले नव्हेतच.

आम्हीं काय केलें

मुदतीस पंचवीस दिवस असतां आम्हीं गेल्या वर्षाचें विमापत्र पुढें ठेवून तीन कंपन्यांचे भाव काढले. दोन त्यांच्या संकेतस्थळांवरून व एक तालुक्याच्या कचेरींतून. किंमत व कलमें तिन्हींकडे सारखीं धरलीं. मग ते कागद घेऊन आमच्या प्रतिनिधींकडे गेलों. मनांत संकोच होताच. इतक्या वर्षांचा घरोबा. आम्हीं म्हटलें, "अण्णा, ही कंपनीची सूट दर वर्षीं कमी कशी होत गेली ?" त्यांनीं कागद निरखून पाहिले व थोड्या वेळानें म्हणाले, "पाटील, ती वरूनच कमी होऊन येते. तुम्हीं विचारलें असतें तर मीं वर लिहिलें असतें. तुम्हीं विचारलें नाहीं, मीं काढलें नाहीं."

ह्या उत्तराचा आम्हांस राग आला नाहीं. कारण तें खरें होतें. चार दिवसांत त्याच कंपनीकडून मोटारीचा आंकडा जवळजवळ दोन हजारांनीं उतरून आला. जीपचा भाव मात्र तेथें उतरेना, म्हणून तिचा विमा बोनसासह दुसऱ्या कंपनीकडे नेला व दुबार अपघात-विमा काढून टाकला. घरोबा होता तसाच आहे. परवां अण्णा आमच्या घरच्या मुंजीस येऊन जेवून गेले. ओळखीचा प्रतिनिधि अपघाताच्या वेळीं धांवून येतो, कागद पुरे करून देतो, ह्या सेवेचेंही मोल आहे. त्यासाठीं शंभर-दोनशें रुपये जास्त गेले तर आम्ही तो तोटा समजणार नाहीं. परंतु किती जास्त जातात हें आपणांस ठाऊक असावें.

नव्या ठिकाणीं पैसे भरतांना ते कंपनीच्या खात्यांतच जातील असें पाहावें, व विमापत्र हातीं येतांच त्याचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर अगर कचेरींत ताडून घ्यावा. बनावट विमापत्रें विकणारे भामटेही आहेत. भरपाईबाबत वाद झाल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. तेथें दाद न लागल्यास नियामक प्राधिकरणाची 'बिमा भरोसा' ही व्यवस्था आहे, व मुंबई आणि पुणें येथें विमा लोकपालांचीं कार्यालयें आहेत.

असो. आमची विनंती एवढीच कीं, ज्या भिंतीवर मृगाचा दिवस, पाण्याची पाळी व सोसायटीच्या हप्त्याची तारीख लिहिलेली असते, तेथेंच गाडीच्या विम्याची तारीखही लिहावी; आणि तिच्या महिनाभर आधीं दोन ठिकाणीं भाव विचारावा. ह्या कामास एक दुपार लागते. गहाळपणानें जाणारे दीड-दोन हजार रुपये म्हणजे घामानें पिकविलेलें धान्यच आहे. तें खळ्यावरून वाऱ्यानें उडून जाऊं देणें शहाण्या शेतकऱ्यास शोभत नाहीं.